डावी बाजू

घरी आल्यापासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघर, तिथून मागची बाल्कनी, बाल्कनीतून परत बाहेरची खोली. बसायचं म्हणून खुर्चीत टेकायची आणि खुर्ची गरम व्हायच्या आत उठायची. मेंदूवरची सूज उतरायला दिलेल्या गोळ्यांनी असं होतं, झोप उडते, भूक खवळते, असं दवाखान्यातल्या नर्सने सांगून ठेवलं होतं. तिला ते पटत नव्हतं. बस चालवणाऱ्या बाईला घरात कोंडलं तर गोळ्यांशिवायही हेच होणार, असं तिचं म्हणणं.

बारा नंबरच्या मार्गावर ती इतकी वर्षं होती की डेपोत तिला नावाने कुणी हाकच मारत नसे. बारा नंबरवाली म्हणजे ती. एका दुपारच्या फेरीत तिला समोरचा एक सिग्नल दोन दिसायला लागला. तिने बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, दारं उघडली आणि मगच ती सीटवरून खाली कोसळली. डेपोत ही गोष्ट अजून कौतुकाने सांगत. डोक्याच्या मागच्या भागात, उजवीकडे, लिंबाएवढी गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, कॅन्सर नाही म्हणाले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आता मागे टाक्यांच्या खुणांची एक वाकडी ओळ होती, भोवती भादरलेले केस आणि वरून सुती रुमाल.

"आता काय राहिलंय?" ती नवऱ्याला विचारी. "गाठ गेली, टाके निघाले. डेपोत फोन लाव."

"पुढची तपासणी होऊ दे," नवरा म्हणे.

तो एका वसतिगृहात स्वयंपाकी होता. माणूस अबोल, पण हात सतत चालू. तिच्यासाठी त्याने रजा काढली होती आणि दिवसभर तो घरात काहीतरी करत बसे. कोपऱ्यातलं स्टूल त्याने उचलून माळ्यावर टाकलं. टेबलाच्या कोपऱ्यांना फोमचे तुकडे चिकटवले. बाल्कनीच्या दारातली कुंडी पलीकडे नेली.

"हे काय चालवलंयस?"

"साफसफाई," तो म्हणाला.

पण त्याच्या साफसफाईने काही भागत नव्हतं. घर तिच्या वाईटावर टपलं होतं. दाराची चौकट खांद्याला लागायची, कपाटाची कड कोपराला. डावा दंड हिरवा-निळा झाला होता. "पुन्हा कपाट सरकवलंत का?" ती ओरडे. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. ती निघता निघता म्हणे, "कपाट कोण सरकवणार गं, आई?" आणि पटकन दुसरीकडे बघे.

जेवायला बसलं की नवीच भांडणं. पोटात सतत कावळे ओरडत आणि ताट पाहावं तर अर्धं रिकामं.

"एवढंच? अरे, शंभर पोरांना वाढतोस आणि बायकोला हे?"

नवरा ताट उचलायचा, स्वयंपाकघरात जायचा आणि घेऊन यायचा. मग ताटात भात असे, बटाटे असत, उकडलेलं अंडंही असे.

"मग आधीच का नाही वाढत?" ती म्हणे आणि जेवायला लागे.

आपली नजर शाबूत आहे याची तिने खात्री करून घेतली होती. दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले होते की डावीकडे जरा कमी दिसेल, बघू. तेव्हा ती गुंगीत होती. डावीकडे म्हणजे डाव्या डोळ्याने, असं तिने धरलं. घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून तिने उजवा डोळा झाकून पाहिला, डावा झाकून पाहिला. दोन्हींनी आरसा स्वच्छ दिसला. कॅलेंडरवरचे आकडेही वाचता आले. मग अडलंय कुठे? खिडकीत उभं राहून ती खालच्या रस्त्यावरच्या बस बघे आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या चुका काढे. "वळणावर केवढा वेग! याला कुणी लायसन दिलं?"

लेकीने परस्पर दवाखान्यातल्या पेशंटांच्या गटात तिचं नाव दिलं. ज्यांची ऑपरेशनं होऊन गेलीत अशी माणसं नव्यांना घरी जाऊन भेटतात, एवढंच त्या गटाचं काम.

"मला कुणी नको," ती म्हणाली. "आजारी माणसांची रडगाणी ऐकायची हौस नाही मला."

"येणाऱ्या बाई आजारी नाहीत. बऱ्या झाल्यात."

"मग तर मुळीच नको. उपदेश करतील."

आलेली बाई उंच होती, खांदे रुंद, पायात खेळाचे बूट आणि गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी. शाळेत खेळ शिकवायची. डाव्या कानावरून कपाळापर्यंत आलेला जुना व्रण तिने केसांनी झाकायचा प्रयत्नही केला नव्हता. आल्या आल्या सोफ्यावर ऐसपैस बसली.

"मला शिट्टी म्हणा," ती म्हणाली. "पोरं माझ्यामागे म्हणतात, तुम्ही तोंडावर म्हणा. माझ्या डोक्यातून गाठ गेली, तिच्याबरोबर नावंही गेली. माणसांची नाही, वस्तूंची. बाकी सगळं येतं बोलायला. मला जरा ते हे द्या ना."

"काय?" नवऱ्याने विचारलं.

"ते हो, हे. गार. प्यायचं."

"पाणी?"

"पाणी!" शिट्टीने मांडीवर थाप मारली. "सकाळपासून शोधतेय."

"मला वाटलं तुम्ही नेहमीसारखंच बोलताय," नवरा म्हणाला. "आमच्याकडे सगळेच दिवसभर ते हे, ते हे करतात."

बारा नंबरवाली हसली. खूप दिवसांनी हसली आणि हसल्याने मागची जखम ओढली गेली म्हणून शिवीही दिली. शिट्टीने तिला आपल्या फजित्या सांगितल्या. मैदानावर 'चेंडू' आठवेना म्हणून ती पोरांवर "ते गोल, ते गोल लाथाडा" असं ओरडली होती. दुकानात साबण मागायला गेली आणि आंघोळीचा अभिनय करून दाखवावा लागला. पहिल्या वर्षी तर लाजेने तिने तोंडच उघडलं नव्हतं. नवऱ्याने मध्येच बारा नंबरवालीचं ताट आणलं, तिची औषधाची वेळ होत आली होती. ती बोलता बोलता जेवली, चमचा खाली ठेवला आणि सवयीने म्हणाली, "संपलं. अजून आण."

नवऱ्याने ताटाला हात घातला. शिट्टीने त्याचं मनगट धरलं.

"फिरवू नका."

"काय फिरवू नका?" बारा नंबरवालीने विचारलं.

नवरा गोरामोरा झाला. शिट्टी सोफ्यावरून पुढे सरकली. "ताटात काय उरलंय?"

"काही नाही. दिसत नाही का तुम्हाला?"

"मान वळवा. डावीकडे. अजून. हनुवटी खांद्याला लागू दे."

तिने वैतागून मान वळवली. ताटात भात होता. दोन बटाटे होते. अंडं तसंच्या तसं होतं. अर्धं ताट भरलेलं होतं.

"आत्ता समोर बघा, माझ्या नाकाकडे," शिट्टी म्हणाली आणि तिने आपला हात बारा नंबरवालीच्या डाव्या बाजूला धरला. "बोटं किती?"

"कुठली बोटं?"

"डावा डोळा झाका. आता?"

"हात वर करा ना आधी!"

"वरच आहे," शिट्टी म्हणाली. "भानगड डोळ्यात नाही हो, मागे आहे. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेलीय. आणि गेलीय हे तुमच्या डोक्याला कळत नाही, म्हणून ते समजतं की तिकडे काही नाहीच. आमच्या गटात अजून दोघं आहेत असे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

बारा नंबरवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. एक परकी बाई घरात येते, तिला पाणी म्हणता येत नाही आणि ही मला सांगणार मला काय दिसतं ते?

"चालत्या व्हा," ती म्हणाली.

शिट्टी उठली. तिला राग आलेला दिसला नाही. "नंबर मुलीकडे आहे. एकट्या बाहेर पडू नका एवढंच."

दार लागल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"डॉक्टर म्हणाले होते, डावीकडची नजर गेलीय आणि तिकडे लक्षही जात नाही. लक्ष सुधारेल म्हणाले. नजरेचं सांगता येत नाही." तो टेबलाच्या फोमवरून बोट फिरवत होता. "म्हटलं, जरा ताकद येऊ दे. मग सांगू."

"आणि ताट?"

"फिरवून आणायचो. डावं उजवीकडे."

"मी तुला शिव्या घालत होते आणि तू ताट फिरवत होतास!"

"मग काय करू? तू उपाशी राहिली असतीस."

तिला त्याला मारावंसंही वाटलं आणि धरून रडावंसंही. दोन्हीतलं काहीच केलं नाही. तो ताट घेऊन स्वयंपाकघरात गेला, नळ सुटल्याचा आवाज आला, आणि तिने चपला घातल्या, डोक्याचा रुमाल ओढून घट्ट केला आणि जिना उतरली. डेपो काही लांब नव्हता. तिथे जाऊन बसच्या सीटवर बसायचं, काचेतून समोर पाहायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची, एवढाच तिचा बेत होता.

दुपारचा भर रस्ता. तिला वाटलं होतं तसं अर्धं अंधारलेलं काहीच नव्हतं. रस्ता पूर्ण होता, उजेड होता. फक्त माणसं कुठूनतरी एकदम उगवत होती. एक पिशवीवाला तिच्या खांद्यावर आदळला आणि "बघून चाला" म्हणत गेला. एका सायकलवाल्याने घंटी वाजवली, तो दिसला तेव्हा निघूनही गेला होता. ती जास्तच भराभर चालू लागली. भीती वाटली की ती नेहमी वेग वाढवायची. स्टिअरिंगवर मात्र असं कधी केलं नव्हतं.

चौकात ती थांबली. समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडेही पाहिलं असं तिला वाटलं. रस्ता मोकळा होता. ती उतरली.

आधी ब्रेकचा आवाज आला. तो आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. जड गाडी, भरलेली, पाय पूर्ण दाबलेला. मग गरम हवा अंगावर आली. तिने मान वळवली तर हाताच्या अंतरावर बसची काच होती आणि काचेवर बारा आकडा.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याला तिने स्वतः हा मार्ग शिकवला होता. त्याने तिला ओळखलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, तुम्ही? ताई, मी तुम्हाला... तुम्ही बघितलंच नाही माझ्याकडे!" त्याचे हात लटलट कापत होते. आत एक म्हातारी बाई सीटवरून घसरली होती आणि लोक तिला उठवत होते.

बारा नंबरवाली त्याच्या हातांकडे पाहत राहिली. हे कापणं तिला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ती समोर आडव्या येणाऱ्यांना काचेआडून शिव्या देत आली होती, आणि रात्री अंथरुणात तिचेच हात असे कापत. आज दुसऱ्याच्या हातांवर हे तिने आणलं होतं. बस तिच्यासमोर उभी होती. एवढी मोठी, लाल, धडधडणारी बस तिला दिसली नव्हती.

"तुझी चूक नाही," ती म्हणाली. "डेपोत कंट्रोलरने विचारलं तर माझं नाव सांग. मला दिसली नाही गाडी."

त्याने तिला हाताला धरून बसमध्ये चढवलं. त्या म्हातारीने सरकून जागा दिली. "लागलं का हो तुम्हाला?" तिने उलट हिलाच विचारलं.

घरी नवरा जिन्याखाली उभा होता, अंगावर स्वयंपाकाचा ओला पंचा तसाच. तिने त्याला सगळं सांगितलं, काही राखलं नाही. तो ऐकत राहिला, मग पायरीवरच बसला आणि पंच्यात तोंड खुपसून रडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"यापुढे मला सगळं सांगायचं," ती म्हणाली. "ताटसुद्धा फिरवायचं नाही."

"नाही फिरवणार."

"आणि वाढताना कंजुषी करायची नाही."

तो रडता रडता हसला.

संध्याकाळी तिने शिट्टीला फोन केला. माफी मागायची म्हणून मनात वाक्य जुळवलं होतं, पण शिट्टीने ते पुरं होऊच दिलं नाही. "माझ्याकडे पहिल्यांदा आलेल्या बाईच्या अंगावर मी फेकलं होतं ना, ते हे. बसायचं."

"खुर्ची फेकलीत?"

"खुर्ची नाही. मऊ."

"उशी."

"उशी! तुम्ही तर नुसतं बोललात. उद्या येऊ?"

शिट्टी आली ती थेट तिला जिन्याखाली घेऊन गेली. फुटपाथवर ती मुद्दाम तिच्या डाव्या हाताला चालायची, म्हणजे बारा नंबरवालीला ती दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. "हनुवटी!" ती ओरडायची. मान वळवायचं विसरलं की शिट्टी फुंकायची. रस्त्यातली माणसं दचकून थांबत. "मी घोडा नाही," बारा नंबरवाली म्हणे. "घोडा शिकला असता एव्हाना," शिट्टी म्हणे. मान दुखायची, डोकं ठणकायचं, चिडचिड व्हायची. घरी बसवत नव्हतंच, म्हणून ती रोज बाहेर पडायची.

उगाच गल्लीबोळांत फिरण्यापेक्षा बारा नंबरच्या मार्गानेच जाऊ, हे तिने सुचवलं. रोज थोडं पुढे. तिला प्रत्येक थांबा पाठ होता आणि शिट्टीला नावांचा सराव हवा होता. थांबा आला की शिट्टीने नाव सांगायचं.

"ही ती. उंच. आत पाणी."

"पाण्याची टाकी."

"टाकी. पाण्याची टाकी. पुढचं सांगू नका हं. ते... पुस्तकं. गप्प बसायचं."

"गप्प बसायचं म्हणजे तुमची शाळा?"

"माझ्या वर्गात कुणी गप्प नसतं. लायब्ररी!"

लायब्ररीच्या मागच्या खोलीत गटाची बैठक भरायची. तिथे तिला अर्धी बाजू गेलेले ते दोघेही भेटले. एक शिंपी होता, दुसरा बँकेतला. शिंपी म्हणाला की त्याचं लक्ष पुष्कळ परत आलं, नजर मात्र नाही आली. तो हे इतक्या सरळ बोलला की तिला प्रश्नच विचारता आला नाही. परत येताना ती इतकी भराभर चालली की शिट्टीला तिच्याबरोबर जवळजवळ पळावं लागलं.

तपासणीच्या दिवशी तिला एका पांढऱ्या, अर्ध्या गोळ्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. बाहेर नवरा आणि शिट्टी शेजारी शेजारी बसले होते. उजवीकडे तिने भराभर बटण दाबलं. मग बराच वेळ काही आलंच नाही. यंत्र बंद पडलं असेल असं म्हणावंसं तिच्या जिभेवर आलं, पण आता तिला माहीत होतं. ठिपके डावीकडे येत होते.

"लक्ष खूप सुधारलंय," डॉक्टर म्हणाले. "नजर आहे तशी राहील असं दिसतंय. बस चालवता येणार नाही तुम्हाला. गाडीही नाही."

"बरं," ती म्हणाली. तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. नवऱ्याने त्यावर हात ठेवला नाही, हलू दिला.

बाहेर आल्यावर शिट्टीने विचारलं, "रडायचंय की चालायचंय?"

"चालायचंय."

त्या दिवशी नवऱ्याला घरी पाठवून त्या दोघी उरलेला सगळा मार्ग चालल्या. शेवटच्या थांब्यावर डेपोचं फाटक आलं. शिट्टी घामाघूम होऊन दगडावर बसली आणि बारा नंबरवाली तशीच आत कंट्रोलरच्या खोलीत शिरली. आत शिरताना तिने डावीकडे मान वळवली, चौकट पाहिली आणि जपून गेली.

कंट्रोलर तिला बघून उभाच राहिला. चौकातला प्रकार त्याच्या कानावर आला होता. "हरवलेल्या सामानाची खिडकी आहे," तो चाचरत म्हणाला. "शांत काम आहे. तुम्हाला आराम मिळेल."

"आरामानेच जीव जाईल माझा. छत्र्या सांभाळत बसायला मला जमणार नाही." ती खुर्चीच्या कडेला टेकली. "वायरलेसवर कोण बसतं हल्ली? आत येता येता ऐकलं. तो पोरगा गाडी बंद पडली म्हणून ओरडतोय आणि तुमचा माणूस त्याला गाडी नंबर विचारतोय. आधी विचारायचं, गाडी वळणावर आहे का आणि आत माणसं किती."

"त्याला रस्ते माहीत नाहीत," कंट्रोलर म्हणाला.

"मला आहेत. त्या कामाला डोळे लागत नाहीत फार. कान लागतात."

कंट्रोलरने मान खाजवली. डॉक्टरांचं पत्र आणा, अर्धा दिवस बसून बघा, असं म्हणाला. बारा नंबरवाली बाहेर आली आणि तिने शिट्टीला सांगितलं. शिट्टीने फाटकात उभं राहून इतकी लांब शिट्टी फुंकली की आत एका ड्रायव्हरने गाडी थांबवली.

आता ती सकाळी कानाला वायरलेसचं यंत्र लावून बसते. बसते म्हणायचं नुसतं, तार पोचेल तितकं उभं राहून येरझारा घालते. टेबलावरचं सगळं तिने उजवीकडे मांडून घेतलंय. ड्रायव्हर म्हणतात, बारा नंबरवाली असली की आवाज ऐकूनच निम्मी भीती पळते. तिला हे आवडतं, आणि पुरत नाही. पहिली बारा नंबर फाटकाबाहेर पडते तेव्हा तिला आवाजावरूनच कळतं. काही दिवस ती उठून खिडकीपर्यंत जाते, काही दिवस जात नाही.

गेल्या आठवड्यात गटाकडून फोन आला. ऑपरेशन होऊन घरी आलेला एक ट्रकवाला आहे, कुणाला भेटत नाही, घरात नुसता फिरतोय. कुणी जाल का? तिने काम संपल्यावर पत्ता घेतला आणि शिट्टीला बरोबर चला म्हणाली. दार एका थकलेल्या बाईने उघडलं. आतून पुरुषाचा आवाज आला, "मला कुणी नको म्हणून सांगितलं ना!"

"आम्हीही हेच सांगितलं होतं," बारा नंबरवाली दारातून म्हणाली, आणि डावीकडे बघून आत गेली.